दुरुस्त केलेला तारानकाशा

आकाश बघायचं वेड मला तिशीत लागलं, तेही घाईघाईनं. बेलापूरच्या एका ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर प्लॉटचे नकाशे काढायचे आणि दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हे काम. तारानकाशा आणला तर त्यात पूर्व डावीकडे नि पश्चिम उजवीकडे! छापणाऱ्याला शिव्या घातल्या, दोन्ही शब्द खोडले आणि शाईनं अदलाबदल करून टाकली. दीड शहाणाच मी.

त्या चैत्रात आई गावाहून आली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. माझं वेड पाहून म्हणाली, "मला अरुंधती दाव. लग्नात भटजीनं दावली हुती. ती दिसंना झाली की मानूस सहा म्हैन्यांत जातं म्हनत्यात." हसत म्हणाली, पण लगेच चप्पल घालून जिन्यात उभी.

माझ्या नकाशाप्रमाणे सप्तर्षी वायव्येला, नेरूळच्या बाजूला. गच्चीवरून पाहिलं तर तिथं काही जुळेना. मला दिसत नाही, हे कबूल करायला जीभ रेटेना. "ते बघ सप्तर्षी. त्यातल्या वसिष्ठाला खेटून अरुंधती. मला तर स्पष्ट दिसते," मी ठोकून दिलं. चार संध्याकाळी हेच. मी दिव्यांच्या झगमगाटावर चडफडायचो, ती पदरानं डोळे पुसून माझ्या बोटाच्या दिशेनंच पुन्हा पुन्हा बघायची.

पाचव्या दिवशी तिनं हातातल्या पाटल्या काढून सुनेला दिल्या. "मला गावाला पोचीव. मरान आपल्या घरात आल्यालं बरं." मी तिच्यावरच खेकसलो. खरं सांगायला मात्र धजलो नाही.

त्या संध्याकाळी ती कुरडयांचं वाळवण काढायला गच्चीवर आली. मी नकाशा घेऊन नेरूळकडेच तोंड करून उभा.

"तिकडं काय बघतूस? बाज हिकडं हाय की," ती म्हणाली.

ईशान्येला, पारसिकच्या डोंगरावर चार तारे, बाजेचे चार खूर. मागे तीन चोर. मोजले, सातच. गावाकडची बाज म्हणजेच माझे सप्तर्षी. तारानकाशा डोक्यावर धरून वाचायचा असतो, म्हणून त्याची पूर्व डावीकडे, हे तेव्हा डोक्यात शिरलं. लाजेनं कानशिलं तापली.

"आई, मी खोटं बोललो. मला काहीच दिसत नव्हतं."

ती चिडेल असं वाटलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मनगट धरून तिनं मला कठड्याशी ओढलं.

"म्हंजी चार दिस तुला बी दिसली न्हाई? आता बघ. मधल्या चोराजवळ. दिसती का? खरं सांग!"

मधल्या ताऱ्याशेजारी बारीक ठिपका होता.

"दिसते."

"माजी आन?"

"तुझी आण."

तिनं सुस्कारा सोडला, कुरडयांचा डबा उचलला आणि जिना उतरू लागली. स्वतः तिनं वर बघितलंच नाही.