सृष्टीच्या मुळाशी ड्रायक्लीनिंग

कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरला अख्खी गल्ली 'डागकाका' म्हणायची. कसलाही डाग ते काढत, आणि नाहीच निघाला तर तो कापडाचाच रंग आहे असं गिऱ्हाइकाच्या गळी उतरवत. त्यांचा सगळा जीव धुलाईच्या यंत्रात आणि त्यात घालायच्या पर्क नावाच्या द्रवात. कपडे पुरते वाळायच्या आधीच यंत्राचं दार उघडायचं, बाही नाकाशी धरायची आणि गोडसर वास आला की म्हणायचं, "झालं!" खरं तर वास येतोय म्हणजे झालेलं नाही, पण हे काकांना कोण सांगणार? शेजारीच काकू इस्त्री करायच्या. त्यांचं डोकं रोज दुखायचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं काकांचं निदान.

आणि एके दिवशी प्रदूषण खात्याचा माणूस दारात. कुणीतरी तक्रार केली होती. पर्कची वाफ अंगाला घातक, सोमवारी यंत्राला सील! काकांचं धाबं दणाणलं. त्यांनी ताबडतोब समोरच्या लाँड्रीवाल्याशी बोलणं टाकलं. दुसरं कोण असणार?

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचं व्याख्यान होतं. ती रसायनशास्त्रात संशोधन करते, एवढंच काकांना ठाऊक. या वेळी त्यांनी विषय विचारला आणि ते उडालेच: जीवसृष्टीच्या जन्माला क्लोरीनवाल्या कार्बनी संयुगांनी हातभार लावला असेल का? म्हणजे पर्कचंच खानदान की! दुकानात धुतलेला कोट चढवून काका पहिल्या रांगेत बसले. शेजारच्या दोन खुर्च्या हळूच रिकाम्या झाल्या.

मुलगी सांगत होती, कार्बनला धरून बसलेला क्लोरीन पटकन जागा सोडतो. त्या जागी दुसरा तुकडा येऊन जोडला जातो. कोवळ्या पृथ्वीवरच्या समुद्रात अशा जोडण्यांतून जीवनाला लागणारे रेणू घडायला मदत झाली असेल. "असेल" हा शब्द तिने पुन्हा पुन्हा बजावला. काकांनी तो एकदाही ऐकला नाही.

टाळ्या संपायच्या आत ते तिच्यापाशी पोचले. "पोरी, हे त्या खात्याला जाऊन सांग. ज्याच्या जिवावर सगळे जन्मले त्यालाच सील ठोकतायत!"

"बाबा, तुमचा पर्कचा डबा नव्हता हो तिथे. आणि आई काही त्या समुद्रात उभी राहून इस्त्री करत नाही."

"पण तो समोरचा लाँड्रीवाला मेला..."

"तक्रार मी केली." ती म्हणाली. "दार लवकर उघडू नका म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला! आईच्या लिव्हरला सूज आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाही."

काकांना आधी संताप आला. मग लाज वाटली.

दारातच काकूंनी सवयीने कोट घ्यायला हात पुढे केला. काकांनी बाही नाकाशी नेली. तोच गोडसर वास.

"हात लावू नकोस याला," ते म्हणाले, आणि कोट बाहेर दोरीवर टाकून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडत सुटले.