आईची साखर फॉर्मवर का नाही?

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय. आमच्या शिरगावच्या घरी विमा एजंट आला होता, सहासष्ट वर्षांच्या आईची पॉलिसी काढायला.

"काही आजार?" त्याने विचारलं.

"साकर हाय मला. रोज गोली घेते," आई म्हणाली.

पठ्ठ्याने फॉर्मवर बिनधास्त लिहिलं, 'नाही'! मी हटकलं, तर म्हणतो, "ताई, सगळे असंच भरतात. काकू, इथे सही करा."

आईने पेन खाली ठेवलं. "खोटं तू लिवणार, नि सही माजी?"

घालवून दिला त्याला! सही केली असती, तर उद्या तिच्या माघारी कंपनीने दवाखान्याचे कागद काढून क्लेम नाकारला असता, नि खोटारडी ठरली असती आई. आणि खरं काय ते सांगायला ती नसती.

तुमच्या आईवडिलांच्या फॉर्मवर आजारापुढे काय लिहिलंय? ते आहेत तोवर बघून घ्या.