पानवेलीत पाऊल

जाऊबाई गेल्याचं पुतण्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्याच्यावरच ओरडले, "काहीच्या बाही बोलू नको!" आदल्याच आठवड्यात भेटून आले होते. अंथरुणावरून सुनेला छेडत होत्या, "चहात साखर टाकली का नुसतं नाव घेतलं?" महिना होत आला, पण मन काही मानत नाही...

सन छप्पन्न-सत्तावन्नचा सुमार असेल. लग्न होऊन मी मालेगावजवळच्या पानमळ्यात आले. गोदाबाई माझ्या थोरल्या जाऊ. माहेरी मी उपासतापासांत वाढलेली, देवीचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. सासरी तर पानवेल म्हणजे साक्षात देवी. मळ्यात चप्पल न्यायची नाही आणि महिन्याची बाजूला बसलेली बाई आत गेली तर वेल जळते, असं सगळे मानायचे. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. मी आधीच घाबरट.

एका वैशाखात घरचे पुरुष कामरगावला मयतीला गेले आणि इकडे गडी तापानं फणफणला. वेलीला रोज पाणी लागतं. दुपारपर्यंत पानांनी माना टाकल्या. मळा गेला असता तर घराचं पोट गेलं असतं. मोट हाकायला गोदाबाई उभ्या राहिल्या, पण आत पाणी फिरवायला दुसरं माणूस हवं, आणि मी नेमकी पडवीत बाजूला बसलेली!

"येतं का?" बाईंनी विचारलं.

"पाप लागन, बाई! देवी कोपन!"

दुसरी जाऊ असती तर दटावून नेलं असतं, नव्या सुनेची काय बिशाद! त्या मात्र तशा उन्हात थांबल्या. "देवी बाई हाय का माणूस?"

"बाईच."

"मंग तिले बाईचा विटाळ काहून होईन? आन तहानेनं मरून राह्यली, तरी तुले हात लावू नको म्हणन का?"

रडू आलं, त्यांचा रागही आला. "मी सांगतो म्हणून येऊ नको," त्या म्हणाल्या, "तुले पटलं तरच ये." आणि मोटेकडे निघून गेल्या.

मोटेची कुरकुर ऐकत बसले... शेवटी उठले, पदर खोचला, हात जोडले आणि वेलीत शिरले. दिवस मावळेपर्यंत पाणी फिरवलं. टोकाची ओळ तेवढी राहिली, ती पुरुषांनी घरी परतल्यावर पाजली. बाईंनी मामंजींना सगळं तोंडावर सांगून टाकलं. मामंजींनी माझ्याशी बोलणंच सोडलं.

श्रावणात एका ओळीतल्या वेली मरू लागल्या. मी हायच खाल्ली, माझ्यामुळंच झालं! बाईंनी समजूत घातली नाही, हात धरून मळ्यात नेलं. "कोणती ओळ, दाखव." पाहिलं, तर ती टोकाची. तिथं माझं पाऊल पडलंच नव्हतं. "आता तूच सांग," बाई म्हणाल्या. मामंजी मागेच उभे होते. त्या संध्याकाळी त्यांनी प्यायला पाणी माझ्याकडे मागितलं.

लोक गोदाबाईंना नास्तिक म्हणायचे. कसल्या नास्तिक! देवीपुढे रोज स्वतःच्या हातानं विडा ठेवायच्या, महिन्याचा कोणताही दिवस असो. मलाही त्यांनी देवी सोड असं कधी म्हटलं नाही. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

तेरवी झाल्यावर त्यांची नातसून तो रोजचा विडा घेऊन देवघराच्या उंबऱ्याशी अडली. तिची पाळी आली होती. बायका कुजबुजल्या, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात थोरली आता मीच. 'चालते' म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

"मले कायले विचारतं, पोरी? तुले काय वाटते?"

तिनं पदर खोचला आणि विडा घेऊन आत गेली.