साचा निवडायची आमची पद्धत

डहाणूच्या आमच्या वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात माणसं तीन आणि किस्से तीनशे! कामं संपतात, संताप साचतो आणि संताप शिळा झाला की त्याचाच किस्सा होतो. हे सगळे एकाच प्रश्नाचे: पानांच्या साच्यासाठी टूल कुठलं घ्यायचं? साचा म्हणजे पानाची चौकट एकदाच आखायची, आतली नावं, माहिती आपोआप भरली जाते. एवढंसं काम. पण टूल निवडणार कोण? आमचे मालक, धीरजभाई!

*

पहिलं टूल त्यांनी लोगो बघून घेतलं.

मी म्हटलं, "धीरजभाई, आधी एक छोटं पान करून बघू."

"बेन, लोकांनी एवढे स्टार दिलेत, ते काय येडे आहेत?"

"त्यांनी मराठीत पान केलंय का पण?"

"कंप्युटरला सगळं सारखंच!"

*

नव्हतं सारखं! झाईच्या एका मासेवाल्या मावशींची साइट केली, तर मराठी अक्षरांच्या जागी हॅशची चिन्हं (#) आणि आकड्यांची रांगच रांग.

मावशींचा फोन आला. "पोरी, मी पापलेट दिला होता. एवढे काटे कुठून आणलेस?"

बोलणी मला. स्टार देणाऱ्यांना कोण बोलणार!

*

दुसरं टूल धीरजभाईंच्या व्याह्यांनी सुचवलं. व्याह्यांचा धंदा टाइल्सचा!

चिखल्याला चिकूवाडीत पाहुण्यांची सोय करणारे एक काका आहेत. साइट उघडणाऱ्याचं नाव घेऊन स्वागत करायचं, ही त्यांची हौस. नाव मिळालं नाही की हे टूल तिथे सरळ 'अनडिफाइंड' छापायचं.

आठवड्याने काका ऑफिसात हजर. "हा अनडिफाइंड कोण गं? रोज स्वागत होतंय त्याचं, राहायला मात्र एकदाही आला नाही!"

*

तिसऱ्या वेळी मुंबईहून सल्लागार आणले. काम होतं तलासरीच्या डोंगराकडच्या बायकांच्या गटाचं. तांदूळ, नागली विकायची आणि आलेल्या ऑर्डरी आपापल्या फोनवर बघायच्या. सल्लागार सरांना असं टूल हवं होतं, की तुकडे पाठवायचे आणि पान जुळवायचं फोनने!

मी म्हटलं, "पान इथेच तयार करून पाठवू. तिकडे नेटवर्कची एकच दांडी असते."

"मग युजरने चांगला फोन घ्यावा."

माझं डोकंच फिरलं. "सर, साइट त्यांच्यासाठी आहे की तुमच्या फोनसाठी?"

धीरजभाई म्हणाले, "बेन, चहा घे."

नाही घेतला!

*

शेवटी मी हटूनच बसले आणि सर, धीरजभाई नि मी असे तिघं पाड्यावर गेलो. गटाच्या प्रमुख जानकीबाई चुलीवर भात टाकत होत्या. सरांनी त्यांच्याच फोनवर साइट उघडली. पांढराफटक पडदा, मधे गोल गोल फिरणारं चाक.

"येईल हां पान," सर म्हणाले.

भाताला उकळी आली.

"येतंय पान."

भात शिजला. धीरजभाई माझ्याकडे न बघता पुटपुटले, "बेन, तू म्हणतेस तेच टूल लाव."

"दोन मिनिटं, धीरजभाई! पान येतंच आहे!" सर फोन हलवत म्हणाले.

जानकीबाई उठल्या. पळसाचं एक मोठं पान त्यांनी सरांच्या पुढ्यात मांडलं, त्यावर वाफाळता भात वाढला.

"आलं बघा पान. जेवा आता."