लाल बिल्ला

स्वमग्न माणसांनी स्वतःसाठीच भरवलेल्या त्या निवासी शिबिरात प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला होता. हिरवा म्हणजे बोला, लाल म्हणजे बोलू नका. माझ्या लेकीने, मीराने, तिन्ही दिवस लालच लावला. तिला एक तरी मैत्रीण मिळावी, हे माझ्या यादीतलं पहिलं काम.

शेवटच्या दुपारी ती व्हरांड्यात दिसली. शेजारी आणखी एक लाल बिल्लेवाली. दोघी तासभर आपापलं विणत होत्या. आमच्या घरात एवढी शांतता पसरली तर कुणीतरी रुसलंय असं धरून मी चहा टाकते. इथे कुणीच रुसलं नव्हतं.

परतताना मीरा म्हणाली, "आई, मला मैत्रीण मिळाली."

"हो? नाव काय गं तिचं?"

"पुढच्या वर्षी विचारीन. घाई कसली?"