आधी पोचलेला प्रवासी

माझा दादा पुस्तकं बांधतो, वाचत नाही. फाटक्या पुस्तकाचे फर्मे, म्हणजे पानांचे गठ्ठे, सुटे करायचे, पुन्हा क्रमाने लावायचे, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा, एवढाच त्याचा साहित्याशी संबंध. शिलाई माझ्याकडे. परक्याच्या घरात डोकावू नये, असं तो म्हणायचा आणि पुस्तकातही डोकावायचा नाही.

मग भाचा घर सोडून गेला. दादाचा एकुलता एक. नोकरी परदेशातली आणि रस्ता चोरीचा: आधी ट्रक, मग वाळवंट, मग होडी. दादा ‘जा’ म्हणाला नाही की ‘नको’ म्हणाला नाही. मी चांगलं दहादा ‘नको’ म्हणाले, पण आत्याचं ऐकतो कोण! वाळवंटाच्या अलीकडून एकदा फोन आला, त्यानंतर सगळं चिडीचूप.

दादाच्या जिवाला घोर लागला. फोन वाजला की खळीच्या हातानेच उचलायचा. पुठ्ठ्याचं गिऱ्हाईक निघालं की चेहरा पडायचा. घरी वहिनी दाराकडे तोंड करून बसलेली.

त्यातच शाळेतल्या बाई एक जुनी कादंबरी घेऊन आल्या. वाळवंट तुडवत जाणाऱ्या माणसाची. दोरा उसवताना दादाची नजर एका ओळीवर पडली आणि तो स्टुलावर बसून चक्क वाचायला लागला.

“दादा, काम खोळंबलंय.”

“थांब गं. याचं पाणी संपलंय.”

थोड्या वेळाने त्याने मधली पानं बाजूला सारली आणि शेवटचा फर्मा शोधायला लागला.

बाईंनी पुस्तक नेलं आणि आठवड्याभरात तणतणत परत आल्या. “अहो, हा माणूस निम्म्यातच घरी पोचतो, आईच्या गळ्यात पडतो आणि पान उलटलं की पुन्हा वाळवंटात तडफडतो! काय बांधलंयत काय हे?”

मी दादाकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याचा एक फर्मा इकडचा तिकडे झाला नव्हता.

“चुकून नाही झालं, बाई,” तो खाली मान घालून म्हणाला. “तो पोचला हे कळल्याशिवाय मला पुढचं वाचवेना. म्हटलं, आणखी कुणाचा बाप वाचत असला तर...”

भाचा बाईंच्याच हाताखाली शिकलेला. त्यांचा आवाज उतरला. “पण त्या हालांनीच तो बदलतो हो. निघताना उथळ असतो, परततो तो शहाणा होऊन. प्रवासाच्या गोष्टीत माणूस असाच घडतो.”

“मला शहाणा नको,” दादा म्हणाला. “होता तसाच परत हवाय.”

मला बाईंचा राग आला. हालांनी शहाणपण येत असतं, तर आमच्या गल्लीत मूर्ख औषधालाही सापडला नसता. दादाने मात्र शिलाई उसवायला घेतली.

आणि भाचा आला! वाळवंटापलीकडच्या पोलिसांनी पकडून परत धाडलेला, पण हातीपायी धड. आम्ही हसलो, रडलो, शेजाऱ्यांना हाका मारल्या. पण पूर्वी समोरच्याला तोंड उघडू न देणारा तो आता तोंडच उघडेना. उशीखाली बिस्किटं लपवायचा. खांद्यावर हात ठेवला की दचकून उभा राहायचा. एकदा वहिनीने अर्धा पेला पाणी मोरीत ओतलं, तर तिचा हात असा धरला की वळ उठले. “होईल बरा,” ती म्हणायची. रात्री कडी मात्र आतून लावून घ्यायची. दादा दुकानात येऊन नुसता बसून राहायचा. आधी येईल का याची धास्ती होती, आता आलेला कोण आहे याची.

बाई पुस्तक न्यायला आल्या. दादाने ते हातात दिलं, पण सोडेना.

“बाई, यातला माणूस घरी आल्यावर बोलेनासा झाला असेल, तर त्याच्या बापाने काय केलं? लिहिलंय का कुठे?”

जन्मभर ते पुस्तक शिकवलेल्या बाई पानं चाळत राहिल्या.

“गोष्ट उंबरठ्यापाशीच संपते हो,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि बाप... बाप नाहीच यात.”

दादाने हात धुतले. “दुकान बघ गं,” म्हणाला आणि भर दुपारी घरी निघाला. मी दारापर्यंत गेले. तो भराभर चालला होता, आणि घरी जाऊन पोराशी काय बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.