तो मेंदू नव्हता

सरांनी दुसऱ्या बशीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही मांडायची नाही." इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत मी संशोधन सहायक होते; सर तिथले प्रमुख. पऱ्ह्यातून, म्हणजे लहानशा ओढ्यातून, आणलेले बोटभर, पट्ट्यापट्ट्यांचे मासे आम्ही टाक्यांत वाढवत होतो. त्यांची अंडी काचेसारखी पारदर्शक. आतल्या गर्भाचा मेंदू कसा घडतो, ते मला बघायचं होतं. त्यासाठी मुंबईहून एसटीने, बर्फाच्या थर्मासमधून अँटिबॉडी आली होती. ती फक्त मज्जापेशींना चिकटायची. मग रसायन घातलं, की चिकटलेल्या जागी तपकिरी रंग उमटायचा. रंग खरा आहे ना, हे पडताळायला दुसऱ्या बशीतल्या गर्भांना सगळं तसंच करायचं, फक्त अँटिबॉडी द्यायची नाही. ते कोरे राहायला हवेत.

माझे राहिले नाहीत. दोन्ही बशांतले गर्भ सारखेच तपकिरी झाले. म्हणजे रंग खोटा. पहिल्या बशीतल्या गर्भाचा फोटो तोवर काढून झाला होता.

आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीला मुंबईहून पाहुणे येणार होते.

"सर, हा मेंदू नाहीये."

"फोटो ठसठशीत आलाय ना? मग झालं. त्यांना काय कळतंय!"

तरी पाहुण्यांपुढे मी दोन्ही बशा मांडल्या. पाहुण्यांनी विचारलं, "ही दुसरी कशाला?" मी सांगायला तोंड उघडलं, तोच सर हसून म्हणाले, "मुलगी नवीन आहे, घाबरते जरा." पाहुणेही हसले आणि चहाकडे वळले. मी नवीन नव्हते. घाबरलेही नव्हते. कान तेवढे तापले होते.

दुसऱ्या दिवसापासून मला कोळंबीच्या टाक्या धुवायला लावलं. हात सोलवटून निघाले. पण जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी सूक्ष्मदर्शकाशी बसायची. बघता बघता लक्षात आलं, की डाग नेमके रक्तवाहिन्यांच्या वाटेवर आहेत. रक्तातलंच एक द्रव्य तो रंग उमटवत होतं! मग गर्भ आधी पेरॉक्साइडमध्ये ठेवून ते द्रव्य मारलं आणि सगळं पुन्हा केलं. या खेपेला अँटिबॉडी न दिलेले गर्भ स्वच्छ राहिले. दिलेल्यांच्या डोक्यात मात्र दोन्ही बाजूंना बारीक ठिपक्यांचे पुंजके दिसले, आणि त्यांतून निघालेला केसाहून बारीक धागा.

मी त्यांचा फोटो काढला आणि सरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला.

"मग मी काय म्हणत होतो? रंग खराच होता."

"तेव्हाचं ते रक्त होतं, सर. हा मेंदू आहे."

"तेच ते. काम झालं ना?"

तेच ते! मी हातातली बशी खाली ठेवली.

पुढे काचेच्या चौकटीत घालून व्हरांड्यात कुठला फोटो लागला? पहिलाच. खाली लिहिलं होतं, 'माशाच्या गर्भातील विकसनशील मेंदू'. मी थेट सरांच्या खोलीत गेले.

"तो फोटो खोटा आहे. उतरवा."

"बाहेरच्यांना कोण सांगणार आहे?"

"मी."

आणि सांगितलं. कॉलेजची मुलं आली, त्यांना सांगितलं. मत्स्यखात्याचे साहेब आले, त्यांनाही. "हे रक्त आहे, मेंदू नाही." सर माझ्याशी बोलायचे बंद झाले. पावसाळा सरल्यावर भिंतीला रंग दिला तेव्हा ती चौकट उतरवली, ती पुन्हा लागली नाही. मेंदूचा खरा फोटोही तिथे कुणी लावला नाही.